फिक्स्ड फ्रीक्वेन्सी मॉनिटर: चित्र एकदा आलं, पण दर बूटला पुन्हा का जातं?

सन, एसजीआय, एचपी, डेक यांच्या जुन्या वर्कस्टेशनचा (व्यावसायिक कामाच्या ताकदवान संगणकाचा) मॉनिटर आजच्या पीसीला जोडून पाहणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार असते. दोन-तीन रात्री जागून चित्र येतं, डोळ्यांचं पारणं फिटतं आणि दुसऱ्या दिवशी संगणक सुरू केला की पडदा काळा. चित्राच्या मापाचे आणि वेगाचे आकडे पुन्हा टाकावेत, पुन्हा येतं. स्लीपमधून उठवलं की जातं. कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेट झाला की जातं. दहा मिनिटं चहाला उठलं तरी जातं. शेवटी माणूस कंटाळून मॉनिटर भंगारात देतो. मला याचंच फार वाईट वाटतं, कारण यातले बहुतेक मॉनिटर धडधाकट असतात.

उत्तर आधीच सांगतो. चित्र जुळवताना आपण डेस्कटॉप सुरू झाल्यावरचे आकडे बदलतो. पण संगणक त्याआधी, त्यानंतर आणि अधूनमधून स्वतःच्या मनाने दुसरेच आकडे पाठवत असतो. या मॉनिटरला एकच आकडा चालतो. म्हणून दुरुस्ती संगणकाला मॉनिटरची ओळख जिथून कळते तिथे करायची, आणि ती होईपर्यंत चुकीचा सिग्नल मॉनिटरपर्यंत पोचूच द्यायचा नाही.

माझ्याकडचा मॉनिटर सनचा, वीस इंची, आत सोनीची ट्रिनिट्रॉन नळी. पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी मिळाला. विकणाऱ्याच्या लेखी तो ‘मोठा टीव्ही, केबल वेगळी’ होता. रिक्षातून घरी आणायला दोन माणसं लागली. आणल्यावर पहिलं काम केलं ते मागचं लेबल वाचण्याचं. तुम्हीही तेच करा. व्होल्टेज १०० ते २४० लिहिलं असेल तर ठीक, फक्त ११० असेल तर आपल्या सॉकेटला थेट लावू नका. त्याच लेबलवर मॉडेल क्रमांक असतो, आणि फ्रीक्वेन्सीचा शोध तिथूनच सुरू होतो.

एकच आकडा का?

सीआरटीमध्ये, म्हणजे काचेच्या नळीच्या मॉनिटरमध्ये, इलेक्ट्रॉनचा झोत डावीकडून उजवीकडे नेणारं सर्किट असतं. एका सेकंदात अशा किती ओळी काढल्या ती हॉरिझाँटल फ्रीक्वेन्सी, म्हणजे किलोहर्ट्झमधला आडवा आकडा. एका सेकंदात पूर्ण चित्र किती वेळा काढलं तो हर्ट्झमधला उभा आकडा. वर्कस्टेशन कंपन्यांना ठाऊक असायचं की हा मॉनिटर आपल्याच मशीनला, एकाच रिझोल्यूशनवर लागणार आहे. मग हे सर्किट त्याच एका आकड्याला घट्ट बांधून दिलं जायचं. पीसीच्या जगात एनईसीने १९८५ मध्ये मल्टिसिंक मॉनिटर आणून वेगळी वाट धरली, पण वर्कस्टेशनवाल्यांना बरीच वर्षं त्याची गरज भासली नाही. एकाच आकड्यासाठी बनवल्याने चित्रही स्थिर आणि रेखीव यायचं.

धोकाही इथेच आहे. हा झोत वळवणाऱ्या कॉइलमधला करंट प्रत्येक ओळीत हळूहळू चढत जातो. मॉनिटर ८१ किलोहर्ट्झचा आहे आणि तुम्ही त्याला ३१ किलोहर्ट्झवर ओढलं, तर करंटला चढायला अडीचपट वेळ मिळतो. तो नको तितका चढतो आणि हॉरिझाँटल आउटपुट ट्रान्झिस्टर जळतो. बऱ्याच मॉनिटरांचा ऑसिलेटर इतका खाली येतच नाही, त्यामुळे ते वाचतात. पण आपला मॉनिटर त्यातला आहे की नाही हे प्रयोग करून पाहू नका. चित्र तिरकं फाटलेलं दिसलं किंवा आतून किरकिर ऐकू आली की लगेच बंद. आणि मागचं झाकण उघडू नका. नळीवर वीस हजार व्होल्टच्या वरचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो.

चोवीस पिक्सेलची गोष्ट

सनच्या मॉनिटरांत नेहमी भेटणारे आकडे असे. ११५२ बाय ९०० हे सनचं खास माप, ६६ हर्ट्झला ६१.८ किलोहर्ट्झ आणि ७६ हर्ट्झला ७१.७ किलोहर्ट्झ. १२८० बाय १०२४ साठी ६७ हर्ट्झला ७१.७ आणि ७६ हर्ट्झला ८१.१. एचपीच्या १२८० बाय १०२४ मॉनिटरांत ७२ हर्ट्झ, ७८.१२५ किलोहर्ट्झ हा आकडा वारंवार दिसतो.

माझा मॉनिटर ८१.१ चा. पहिल्या रात्री मी पीसीवर १२८० बाय १०२४, ७५ हर्ट्झ निवडलं. ७५ आणि ७६ मध्ये असा काय फरक पडणार, असं वाटलं होतं. पडद्यावर तिरक्या पट्ट्या आल्या. डेस्कटॉपचा निळा रंग दिसत होता, आयकॉन तुकड्या-तुकड्यांत उजवीकडे घरंगळत होते. तीन सेकंदांत बंद केला आणि कागद घेऊन बसलो.

पीसीवरचा ७५ हर्ट्झचा प्रमाणित मोड असा असतो: पिक्सेल क्लॉक (पिक्सेल पाठवण्याचा वेग) १३५ मेगाहर्ट्झ, एका ओळीत दिसणारे १२८० आणि न दिसणारे धरून एकूण १६८८ पिक्सेल, एकूण १०६६ ओळी. १३५ मेगाहर्ट्झ भागिले १६८८ केलं की साधारण ७९.९८ किलोहर्ट्झ येतात. मॉनिटरला हवेत ८१.१३. क्लॉक तोच ठेवून एकूण पिक्सेल १६६४ केले तर १३५ मेगाहर्ट्झ भागिले १६६४ म्हणजे बरोबर ८१.१३. त्याला १०६६ ने भागलं की ७६.१ हर्ट्झ. दोन्हींचा क्लॉक एक, ओळींची संख्याही एक. फरक आहे फक्त प्रत्येक ओळीच्या न दिसणाऱ्या शेपटातल्या चोवीस पिक्सेलचा!

माझी पूर्ण ओळ अशी झाली:

१३५.०० — १२८० १३१२ १३७६ १६६४ — १०२४ १०२६ १०३४ १०६६

पहिला आकडा क्लॉकचा. पुढचे चार आडवे: दिसणारा भाग, सिंक सुरू, सिंक संपला, एकूण. शेवटचे चार त्याच क्रमाने उभे. सिंक म्हणजे नवी ओळ किंवा नवं चित्र कधी सुरू करायचं ते मॉनिटरला सांगणारी खूण. मॉनिटर पुन्हा चालू केला, दोनेक सेकंद काळोख राहिला, मग चित्र एकदम घट्ट बसलं. कडेपासून कडेपर्यंत अक्षरं अशी की हात लावून पाहावंसं वाटलं.

इथे एक सावधगिरी. लिनक्सवरची सीव्हीटी आणि जीटीएफ ही साधनं ‘७६ हर्ट्झ’ सांगितलं की आपल्या सूत्राने मोड बनवून देतात. उभा आकडा ७६ च्या जवळ येतो, पण आडवा आकडा तुमच्या मॉनिटरचा असेलच असं नाही. या मॉनिटरांना आडवा आकडा आधी जुळायला लागतो. म्हणून हिशेब हातानेच करा. चित्र बसलं पण डावीकडे किंवा उजवीकडे सरकलेलं असेल, तर एकूण पिक्सेलला हात न लावता सिंकचे मधले दोन आकडे आठ-आठने सरकवा.

मग दुसऱ्या दिवशी का गेलं?

कारण हे सगळं मी एक्सरँडर या लिनक्सवरच्या कमांडने, चालू सत्रापुरतं केलं होतं. लॉगआउट झालं की ते पुसलं जातं. लिनक्सचा डेस्कटॉप एक्स या जुन्या चित्रप्रणालीऐवजी वेलँड या नव्या प्रणालीवर चालत असेल तर एक्सरँडरने नवा मोड देताच येत नाही. विंडोजवर सीआरयू नावाचं साधन आहे, ते मोड रजिस्ट्रीत लिहितं म्हणून रीस्टार्टनंतरही टिकतो. पण ग्राफिक्स ड्रायव्हर सुरू झाल्यावरच तो लागू होतो आणि केबल दुसऱ्या पोर्टला लावली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

मुळातली अडचण अशी की हा मॉनिटर मुका आहे. आजचा मॉनिटर केबलमधून १२८ बाइटचा ईडीआयडी पाठवतो: मी कोण, मला काय चालतं. ही पद्धत १९९४ मध्ये आली. सनचे मॉनिटर त्याऐवजी केबलमधल्या तीन सेन्स पिनांपैकी काही जमिनीला जोडून आपला प्रकार सांगायचे, आणि पीसीला ती भाषा येत नाही. समोरून उत्तर आलं नाही की पीसी अंदाज करतो, बहुधा १०२४ बाय ७६८, ६० हर्ट्झ. म्हणजे ४८.४ किलोहर्ट्झ. आपल्या मॉनिटरच्या दृष्टीने हे निरुपयोगीच.

तेव्हा मॉनिटरला बोलतं करायचं. याचे दोन मार्ग आहेत आणि मी दोन्ही वापरतो.

पहिला लिनक्सच्या कर्नलमधून. ईडीआयडीची फाइल बनवून फर्मवेअरच्या फोल्डरमधल्या ईडीआयडी या उपफोल्डरात ठेवायची आणि बूटच्या ओळीत डीआरएमच्या (कर्नलमधल्या ग्राफिक्स विभागाच्या) ईडीआयडी-फर्मवेअर या पर्यायाने सांगायचं की अमुक पोर्टला ही फाइल लाव. पोर्टचं नाव अचूक हवं. डिस्प्लेपोर्टवरून व्हीजीएचं अडॅप्टर लावलं असेल, तर कर्नलच्या लेखी तो पोर्ट व्हीजीए नसतो, डीपीच असतो. यात माझे दोन दिवस गेले.

फाइल बनवताना एक गोष्ट कटाक्षाने पाळा: तिच्यात एकच मोड असू द्या. ३५, ३६ आणि ३७ या बाइटांत जुन्या प्रमाणित मोडची यादी असते, ते तिन्ही शून्य करा. ३८ पासून ५३ पर्यंतच्या जोड्या ०१ ०१ ने भरा, म्हणजे ‘काही नाही’. ५४ पासून तुमचा खरा मोड. क्लॉक दहा किलोहर्ट्झच्या मापात लिहायचा, म्हणून १३५ मेगाहर्ट्झ म्हणजे १३५००, हेक्समध्ये ३४बीसी, आणि लहान बाइट आधी, म्हणजे बीसी मग ३४. शेवटचा बाइट असा निवडायचा की सगळ्या १२८ बाइटांची बेरीज २५६ ने निःशेष भागली जाईल. यादीत ६४० बाय ४८० चुकून राहिलं, तर एखादा खेळ सुरू करताच संगणक तो मोड मागेल आणि चित्र पुन्हा जाईल.

दुसरा मार्ग मला जास्त आवडतो, कारण त्याला ऑपरेटिंग सिस्टिमशी देणंघेणं नाही. २४सी०२ नावाची आठ पायांची मेमरी चिप इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात चहाच्या पैशात मिळते. तिच्यात हीच फाइल लिहायची आणि ती व्हीजीएच्या प्लगमध्ये सोल्डर करायची: डेटा १२ व्या पिनला, क्लॉक १५ व्या पिनला, पाच व्होल्ट ९ व्या पिनवरून. मग तो प्लगच मॉनिटरच्या वतीने बोलतो. विंडोज असो, लिनक्स असो, दुसऱ्याचा लॅपटॉप असो, सगळ्यांना एकच उत्तर.

चिप मात्र पीसीच्या आयटूसी बसवरून (अशा चिपांशी बोलायच्या दोन तारांवरून) लिहायला जाऊ नका. रॅमच्या पट्टीवरही अशीच चिप त्याच, हेक्समधल्या ५० या पत्त्याच्या आसपास बसलेली असते. बस चुकली तर रॅमची ओळख पुसली जाऊन संगणक उठतच नाही. आर्डुइनो किंवा रास्पबेरी पाय हा छोटा बोर्ड घ्या, चिप ब्रेडबोर्डवर लावा, लिहा, परत वाचून ताडून पाहा, मगच सोल्डर करा. आणि एचडीएमआय ते व्हीजीए अडॅप्टर वापरत असाल तर तपासा की ते तुमच्या चिपचं उत्तर पुढे देतं की स्वतःचीच यादी सांगतं. माझं पहिलं स्वस्तातलं अडॅप्टर स्वतःची यादी सांगायचं. ते बदलल्याशिवाय मार्ग नव्हता.

सिंकच्या तारा

मोड अगदी बरोबर असूनही पडदा काळा किंवा घरंगळणारा असेल, तर सिंक बघा. पीसी आडवा आणि उभा सिंक दोन वेगळ्या तारांवर देतो. वर्कस्टेशन मॉनिटरांना बहुधा दोन्ही मिळून एकच तार लागते, किंवा सिंक हिरव्या रंगाच्या तारेत मिसळलेला लागतो.

सनचा जाडजूड कनेक्टर, ज्यात तीन मोठ्या कोअॅक्स पिना आणि दहा बारीक पिना असतात, तो १३डब्ल्यू३. तीन मोठ्या पिनांवर लाल, हिरवा, निळा. एसजीआयही हाच कनेक्टर वापरायची, पण बारीक पिनांची मांडणी वेगळी. सनमध्ये एकत्र सिंक ५ व्या पिनवर, एसजीआयमध्ये ३ ऱ्या. त्यामुळे ‘१३डब्ल्यू३ ते व्हीजीए’ म्हणून विकत मिळणारी केबल कुणासाठी आहे हे विचारल्याशिवाय घेऊ नका. घरी आणल्यावर मल्टिमीटरची बझर लावून प्रत्येक पिन तपासा.

दोन सिंक एकत्र करायला ७४एचसी८६ ही एक्सॉर गेटची चिप पुरते. आडवा आणि उभा सिंक एका गेटच्या दोन पायांना द्यायचे, बाहेर एकत्र सिंक. पाच व्होल्ट यूएसबीतून घ्या, कारण अडॅप्टरवर ९ व्या पिनला वीज येईलच असं नाही. मॉनिटरला खाली जाणारा सिंक हवा आणि गेट वर जाणारा देत असेल, तर चिपमधल्या दुसऱ्या गेटचा एक पाय पाच व्होल्टला बांधून उलटवून घ्या. किंवा तेही नको, ईडीआयडीमध्ये एका सिंकची दिशा बदला, काम होतं.

हिरव्यात सिंक मिसळायचा असेल तर मी घरगुती रेझिस्टरची जुळणी सुचवणार नाही. हिरव्याची पातळी बिघडते आणि पडद्यावर हिरवट झाक राहते. सभागृहांतून काढलेले एक्स्ट्रॉनचे आरजीबी इंटरफेस जुन्या सामानात सापडतात. त्यांतल्या अनेकांवर यासाठी छोटा स्विच असतो. ज्यांच्याकडे जुनं मॅट्रॉक्स कार्ड आहे त्यांना तेही लागणार नाही, लिनक्समधल्या त्याच्या जुन्या एक्स ड्रायव्हरला हिरव्यावर सिंक देता येतो.

बूट होतानाचे ते वीस सेकंद

इतकं करूनही एक फट राहते. बायोसचा (संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्रामचा) मजकूर ७२० बाय ४००, ७० हर्ट्झ, ३१.५ किलोहर्ट्झवर येतो. यूईएफआय (बायोसचा नवा अवतार) असलेली काही मशीन ईडीआयडी वाचून शहाणपणाने वागतात, काही आपलाच हेका चालवतात. तेव्हा सर्वांत सोपा नियम हा: मॉनिटरला वेगळं बटण ठेवा आणि लॉगिनचा टप्पा येईपर्यंत तो चालूच करू नका. बायोसमध्ये काही बदलायचं असेल तर दुसऱ्या पोर्टला एखादा एलसीडी लावा.

पण घरात इतरही माणसं संगणक चालू करतात, वीज जाते-येते. म्हणून मी एक पहारेकरी बनवला. आर्डुइनो उनोच्या ५ व्या पिनवर आडवा सिंक दिला. ती पिन बाहेरच्या पल्स थेट मोजू शकते. एक दशांश सेकंदात किती पल्स आल्या ते पाहायचं. ८०६० ते ८१७० मध्ये आकडा असेल आणि सलग वीस वेळा तसाच आला, तर रिले (विजेने चालणारा स्विच) ओढून सिंकची तार मॉनिटरला जोडायची. नाहीतर तोडायची. बायोसच्या वेळी मोजणी ३१४७ च्या आसपास येते, ७५ हर्ट्झच्या मोडला ७९९८. दोन्ही बाहेरच राहतात. सिंक नसताना माझा मॉनिटर स्वतःच्याच आकड्यावर शांत फिरत राहतो, पडदा काळा. लॉगिन आलं की दोन सेकंदांनी रिलेची टिकटिक आणि चित्र. हा बसवल्यापासून मॉनिटरने एकदाही किरकिर केलेली नाही.

चहाला उठल्यावर चित्र जाण्याचं कारण याहून साधं आहे. ठराविक वेळाने संगणक वीज वाचवायला सिंक बंद करतो. या मॉनिटरांतल्या अनेकांना तो इशारा समजत नाही, त्यांना वाटतं केबलच निघाली. पॉवर सेटिंगमध्ये डिस्प्ले बंद करणं आणि स्लीप दोन्ही काढून टाका, त्याऐवजी साधा काळा स्क्रीनसेव्हर लावा. उठून जाताना मॉनिटर हाताने बंद करा, नळीचंही आयुष्य वाढेल.

ग्राफिक्स कार्ड घ्यायचं असेल तर थेट अॅनालॉग आउटपुट असलेलं जुनं शोधा. एनव्हिडियाच्या जीटीएक्स ९०० मालिकेपर्यंत डीव्हीआय-आयमधून ते मिळायचं, १००० मालिकेपासून गेलं. एएमडीने आर९ २९० वर ते काढलं. अडॅप्टरच वापरायचं असेल, तर ज्यावर १९२० बाय १०८०, ६० हर्ट्झ लिहिलंय ते सुमारे १४८ मेगाहर्ट्झ झेपवतं. आपल्या १३५ ला ते पुरतं.

दोन गोष्टी बिघाड समजून मॉनिटर परत देऊ नका. मोठ्या ट्रिनिट्रॉनच्या पडद्यावर वरच्या आणि खालच्या भागात केसासारख्या दोन आडव्या पुसट रेघा दिसतात. आतल्या जाळीला स्थिर धरणाऱ्या तारांची ती सावली आहे, बिघाड नाही. आणि बीएनसी कनेक्टरच्या (प्रत्येक तारेला वेगळा गोल प्लग असलेल्या) मॉनिटरवर चित्र भगभगीत किंवा अक्षरांना सावली असेल, तर मागे ७५ ओहमचा स्विच शोधा. केबल पुढे दुसरीकडे जात नसेल तर तो ७५ वर हवा.

पावसाळ्यात मात्र खरीच अडचण येते. महिनाभर बंद ठेवलेला मॉनिटर आषाढात चालू केला की आतून चटचट आवाज येतो. दमट धूळ उच्च दाबाची वीज गळू देते. मी गणपतीपर्यंत तो रोज अर्धा तास तरी चालवतो आणि खोली बंद ठेवतो.

राहता राहिला कर्नल अपडेट. त्यानंतर चित्र गेलं तर मोडला हात लावू नका. ईडीआयडीची फाइल इनिटरॅमएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीला कर्नल वापरतो त्या फाइलींच्या छोट्या गाठोड्यात) गेली आहे का ते आधी बघा. ग्राफिक्स ड्रायव्हर तिथूनच सुरू होत असेल आणि फाइल आत नसेल, तर कर्नलला ती सापडत नाही आणि तो मुकाट्याने पुन्हा अंदाजावर जातो. फाइल यादीत घालून इनिटरॅमएफएस नव्याने बनवा. एकदा यादीत घातली की पुढच्या प्रत्येक अपडेटला ती आपोआप जाते.